दोनदा वजा

चूक सापडली तेव्हा रागिणी आधी मोठ्यानं हसली. कितीतरी दिवस अकोल्याचं घड्याळ तिला छळत होतं. घड्याळ म्हणजे काटे असलेलं नव्हे. एका जुन्या सरकारी इमारतीतल्या कुलूपबंद खोलीत, लोखंडी कपाटात बसवलेलं, कुणी बघायला गेलं तरी ज्यात काही दिसायचं नाही असं घड्याळ. अशी घड्याळं गावोगाव बसवायचं काम चाललं होतं. बँका, विजेच्या तारा, रेल्वेचे सिग्नल, मोबाइलचे मनोरे हे सगळे आज आकाशातल्या उपग्रहांना वेळ विचारतात. उद्या उपग्रह बोलेनासे झाले, किंवा कुणी त्यांच्या नावानं खोटाच आवाज काढला, तरी जमिनीवरची वेळ चालू राहिली पाहिजे, म्हणून हा खटाटोप. त्यात रागिणीच्या वाट्याला आलेलं काम एवढंच, की कोणत्या घड्याळावर किती भरवसा ठेवायचा हे ठरवणारा प्रोग्रॅम लिहायचा. अमरावतीच्या कॅम्प भागातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर बसून ती आणि तिचा सहकारी ललित ते काम करत. अकोल्याचं घड्याळ बाकीच्यांपेक्षा सेकंदाच्या अब्जाव्या भागांनी चुकत होतं, आणि रोज तेवढंच चुकत होतं. रोज वेगवेगळं चुकणारं घड्याळ बिघडलेलं असतं. रोज सारखंच चुकणाऱ्या घड्याळामागे माणूस असतो, हे इतक्या वर्षांत तिला ठाऊक झालं होतं. म्हणून ती माणूस शोधत होती.

माणूस निघाला, आणि एक नाही, दोन निघाले. गच्चीवरच्या अँटेनापासून खालच्या खोलीपर्यंत यायला सिग्नलला वायरीतून थोडा उशीर होतो. तो उशीर वजा करावा लागतो. अकोल्याला यंत्र बसवताना ललितनं तो यंत्रातच वजा करून टाकला होता, कारण ललित काळजीचा माणूस. आणि रागिणीचा प्रोग्रॅमही तो वजा करत होता, कारण रागिणी त्याहून काळजीची. "म्हणजे आपण दोघांनीही बरोबर केलं, म्हणून चुकलं," ललित म्हणाला. "मॅडम, तुमच्या अकोल्याचं पाणीच तसलं. एका कामाला दोघं धावतात." ती हसली, एक ओळ पुसली, आणि पडद्यावर अकोला गुमान बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसलं. ललित चहा सांगायला खाली गेला. हसू अजून तोंडावर होतं आणि रागिणीच्या हाताची बोटं गार पडत चालली होती. तिला घरची भिंत दिसत होती. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते, आणि ती मान वळवून कुणाला तरी सांगत होती, पावणेचार. चहा आला तेव्हा ललितनं विचारलं, बरं नाही का. ती म्हणाली, ऊन लागलं असेल. आश्विनातलं ऊन वऱ्हाडात खोटं बोलायला बरं पडतं.

घर म्हणजे अकोल्याचं घर. डाबकी रोडच्या पलीकडे शहर विरत जातं आणि मळे सुरू होतात, तिथं माळ्यांची दहा-बारा घरं आहेत. त्यातलं एक देवीदास आणि सुभद्राचं. रागिणीचे आईवडील. झेंडू, शेवंती, मधल्या सरीत मेथी-वांगी. फुलांचा हर्रास, म्हणजे लिलाव, पहाटे होतो, आणि फुलं हर्रासाला उशिरा पोहोचली की त्यांचा पालापाचोळा होतो. म्हणून सुभद्रा सून होऊन आली त्या वर्षीच तिनं घरातलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करून ठेवलं. तेव्हापासून ते पुढंच. घरातला प्रत्येक जण घड्याळाकडे बघायचा आणि मनातल्या मनात पंधरा वजा करायचा. हे कुणी कुणाला शिकवलं नाही. पाहुणे मात्र फसायचे, चहा अर्धवट टाकून गाडीला पळायचे आणि स्टँडवर ताटकळत बसायचे. रागिणी पाढे शिकली नव्हती तेव्हा ही वजाबाकी शिकली होती. पुढं ती इंजिनियर झाली, बंगलोरला गेली, वेळेच्याच धंद्यात पडली, आणि मग तिला ते घड्याळ सोसेना. घरी आली की ती स्टुलावर चढायची, मोबाइल समोर धरून काटा मागं आणायची. ती परत गेली की, कधी कधी जायच्या आधीच, आई तो पुन्हा पुढं सरकवायची. यावरून दोघी एकमेकींना कधी अवाक्षर बोलल्या नाहीत. मायलेकींचं ते मुकं भांडण वर्षानुवर्षं भिंतीवर चाललं होतं आणि देवीदास खाटेवरून ते बघत गालातल्या गालात हसायचे.

पौषात देवीदासांना दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच असू द्या. मधल्या खोलीत खाट टाकली, घड्याळाच्या बरोबर समोर. तोवर रागिणी बंगलोर सोडून अमरावतीला आली होती; त्या आठवड्यात ती लॅपटॉप घेऊन घरीच राहिली. त्या दुपारी बाहेरच्या खोलीत तिची चाचणी चालू होती. उपग्रहाचा सिग्नल मुद्दाम तोडायचा आणि घड्याळ नुसत्या आठवणीवर किती नीट चालतं ते बघायचं. बाबांना एकदा तिनं हे समजावून सांगितलं होतं, की सिग्नल गेला तरी घड्याळ थांबत नाही, आधी जसं चालत होतं ते आठवून चालत राहतं. बाबांनी विचार करून विचारलं होतं, "अन् त्याले मालूम कसं पडते, का आपून चुकून राहिलो?" नाही मालूम पडत, ती म्हणाली होती. "मंग त कठीन हाय बाप्पा," असं म्हणून त्यांनी कूस बदलली होती. तर त्या दुपारी चाचणी संपली, ती आत गेली, बाबांचा हात हातात घेऊन बसली, आणि थोड्या वेळानं बाबा गेले. तिनं समोर पाहिलं. घड्याळात चार वाजले होते. संध्याकाळी महाराज पंचांग घेऊन आले आणि त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, किती वाजता. सगळ्यांनी रागिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, पावणेचार.

महाराजांनी सुटकेचा श्वास सोडला. पंचक त्या दिवशी चारला आठ कमी असताना लागत होतं. धनिष्ठा नक्षत्र अर्धं सरल्यापासून रेवती संपेपर्यंतचे ते पाच दिवस. त्यांत माणूस गेला तर तो एकटा जात नाही, घरातले आणखी चार ओढून नेतो, असं मानतात. त्यावर उपाय असतो. पिठाचे पाच पुतळे करून प्रेताबरोबर जाळायचे, म्हणजे त्याची सोबत त्याला मिळते आणि घरचे सुटतात. पावणेचार म्हणजे पंचकाच्या आधी. पुतळ्यांची गरज नव्हती. देवीदास एकटेच जळले.

या सगळ्यावर रागिणीचा विश्वास नव्हता. तेव्हा नव्हता, आताही नव्हता. पण विश्वास नसला म्हणून भीती वाटायची राहते असं थोडंच आहे. चैत्रात आत्या गेली, माणिकबाई, बाबांची थोरली बहीण. ताप आला आणि गेली. आषाढात जानरावकाका गेले, शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले ते उठलेच नाहीत. गल्लीत कुजबुज सुरू झाली. देवीदास पंचकातच गेला असेल, घरच्यांनी टाईम चुकीचा सांगितला असेल. सुभद्रा मात्र ढिम्म हलली नाही. पाण्याच्या टाकीपाशी बायकांच्या तोंडावर ती म्हणाली, "माही पोरगी सरकारचा टाईम सांभायते. तिनं आपल्या डोयानं पाह्यला. पंचक-गिंचक काई नोतं." रागिणीला हे कळलं तेव्हा तिला ओशाळल्यासारखं झालं आणि आतून गोडही वाटलं. आईनं तिच्या नोकरीचं कौतुक असं चारचौघांत पहिल्यांदाच केलं होतं. त्या शब्दांवर आई घट्ट उभी आहे, रात्री झोपते, धाकट्या लेकाला, पियुषला, गाडी घेऊन जाऊ देते, हे तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

आणि आता ही वजाबाकी. त्या दिवशी घड्याळ पुढं होतं की बरोबर? पुढं असेल तर चारचे पावणेचार, ठीकच. पण त्याच सकाळी, किंवा आदल्या सकाळी, ती स्टुलावर चढली होती. स्टुलाचा एक पाय आखूड आहे आणि तो डुगडुगतो, ते तिच्या तळव्यांना आठवत होतं. काटा मागं सरकवल्याचं बोटांना आठवत होतं. पण वार आठवत नव्हता. आईनं तो मधल्या काळात परत पुढं केला होता का? केला नसेल, तर घड्याळ खरे चार दाखवत होतं, आणि तिनं जन्माच्या सवयीनं त्यातून पंधरा पुन्हा काढले. एकदा हातानं, एकदा डोक्यानं. तिनं मोबाइलमधले जुने फोन काढून पाहिले. त्या दिवशी पहिला फोन काकांना केलेला, सव्वाचारनंतरचा. मधल्या वेळात रडणं होतं, तोंडात पाणी घालणं होतं, पियुषला मळ्यातून हाक मारून आणणं होतं. त्यावरून काही ठरत नव्हतं. देशाच्या घड्याळांसाठी तिनं नियम लिहिला होता, की तीन साक्षी असतील तर दोघांचं मानायचं आणि तिसऱ्याला गप्प बसवायचं. इथे साक्षी एकच, आणि ती स्वतःच.

पुढचे दोन दिवस तिनं पियुषला जीव नकोसा केला. दसरा तोंडावर आला होता. झेंडू तोडणीला आला होता, आणि पियुष रोज दुपारी छोटा पिकअप भरून अमरावतीला फुलं आणत होता. तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, हसरा, दात थोडे पुढं आलेला हा भाऊ. त्याला आपण मनातल्या मनात गाडीखाली चिरडला जाताना कितीदा पाहिलं याची तिलाच लाज वाटायला लागली. बडनेऱ्याच्या पुलावर पाहिलं, मूर्तिजापूरच्या वळणावर पाहिलं. राजकमल चौकात रस्ता ओलांडताना एक पिकअप ब्रेक मारून थांबला आणि तिच्या तोंडून किंकाळी निघाली; गाडीवाला खाली उतरून म्हणाला, मॅडम, मी तर थांबलोच होतो. ती पियुषला फोन करायची, कुठं आहेस, हळू चालव, परत कधी निघतोस. तिसऱ्या दिवशी तो वैतागला. "ताई, मी गाडी चालवू का तुह्याशी बोलू? तुह्या फोनापायीच ठोकून घेईन एखांद्या दिवशी." तिनं फोन ठेवला आणि उजवा तळवा ओढणीला पुसला. तळव्यात एक दाब होता. बाबा गेल्यापासून तो होता, अधूनमधून यायचा, की-बोर्डवर हात असला की यायचा, आणि आतापर्यंत तो आला की तिला बरं वाटायचं. आता तो आला की ती हात झटकत होती. त्या दुपारी तिनं ललितला सांगितलं, उद्या मी अकोल्याला जाते. ललित म्हणाला, तिथलं यंत्र तर आता बरोबर आहे. ती म्हणाली, हो, यंत्र बरोबर आहे.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. बडनेरा गेलं, कापसाची, तुरीची शेतं मागं पडू लागली, आणि तिनं इतके दिवस जे आठवायचं टाळलं होतं ते आपण होऊन आलं. तळव्यातला तो दाब. बंगलोर सोडून ती अमरावतीला आली ती बाबांच्या आजारपणासाठी. पण तसं तिनं घरी सांगितलं नव्हतं. आपल्या घरात असलं काही कुणी बोलून दाखवत नाही. प्रेमाची गोष्ट निघाली की माणसं उठून गुरांना पाणी पाजायला जातात. ती सामान घेऊन दारात उभी राहिली तेव्हा बाबा खाटेवरून म्हणाले होते, "काहून वं, काढून देल्लं का तुले कंपनीनं?" ती हसून म्हणाली, हो, काढून देल्लं. थट्टाच ती. पण थट्टा करायची आणि खरं मानायचं, दोन्ही बाबांना एकदम जमायचं. पुढं महिनाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, पोरीची मोठी नोकरी गेली बिचारीची, आता अमरावतीत काहीतरी लहानसहान करते. ते सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. तिनं दोनतीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. उद्या सांगू, म्हणाली. आणि त्या शेवटच्या दुपारी, चाचणी संपवून आत गेल्यावर, त्यांचा श्वास फार फार लांबलेला, डोळे मिटलेले, अशा वेळी तिनं त्यांचा हात धरून कानाशी सांगितलं, "बाबा, मले कोनी काढलं नोतं. मी तुमच्यासाठी आली." आणि बाबांनी हात दाबला. जोरानं नाही, पण दाबला. मग पुढचा श्वास आला नाही, आणि तिनं वर पाहिलं.

म्हणजे चार वाजता बाबा होते. तो दाब खरा, तर चार खरे. आणि घड्याळ त्या दिवशी बरोबर असेल, तर तिनं बाबांना पंचकात पाठवलं होतं, पुतळ्यांशिवाय. आत्या आणि काका त्यांच्या मागं गेले ते तिच्या पंधरा मिनिटांमुळे. अजून दोघं बाकी होते. मूर्तिजापूरला बस थांबली, शेजारच्या बाईनं तिला संत्र्याची फोड दिली, तिनं ती खाल्ली. किती खुळ्यासारखा विचार करते आहेस तू, असं ती स्वतःला म्हणाली, बऱ्याच वेळा म्हणाली. त्यानं काहीही फरक पडला नाही.

घरी पोहोचली तेव्हा दुपार कलत होती. अंगणात झेंडूचा ढीग, सुभद्रा त्याच्यापाशी बसून डागी फुलं बाजूला काढत होती. पियुष मागं गाडीत फुलांची कॅरेट लावत होता, त्याचा आवाज येत होता. आईनं मान वर न करता विचारलं, "आज कशी काय आली वं? सुट्टी हाय का?"

"सुट्टी नाई. तुले एक इचारायचं होतं." रागिणी तिच्यासमोर टेकली. दारातून मधली खोली दिसत होती आणि ती तिकडे बघत नव्हती. "आई, बाबा गेले तवा आपली घडी पुढं होती का बरोबर होती?"

सुभद्राचा हात थांबला नाही. "बरोबर होती. तूच त केली होती त्या सकायी, स्टुलावर चढून. मी पाहून राहिली होती."

"मंग तू पुढं नाई केली?"

"कायले करू? त्या दिवशी कोनाले जायचं होतं हर्रासाले?"

हे इतकं साधं निघेल असं रागिणीला वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "मंग मी चुकीचा टाईम सांगतला, आई. घडीत चार वाजले होते. मी अजून पंधरा मिनिटं कमी केले. पंचक लागलं होतं." आणि मग न थांबता सगळं बोलत गेली, आत्या, काका, पियुषची गाडी, गल्लीतले लोक म्हणतात ते, आपण आईची शांती आता उधळून लावतो आहोत हे कळत असतानाही तिला थांबता येईना. आई रडेल, कपाळावर हात मारून घेईल, पियुषला गाडीतून ओढून काढेल, असं तिला वाटत होतं. सुभद्रानं एक किडकं फूल उलटंपालटं करून पाहिलं आणि टाकून दिलं.

"तू चार म्हन, का पावणेचार म्हन," ती म्हणाली. "दोन्ही नोते."

"म्हंजे?"

"म्हंजे ते पह्यलेच गेले होते." आता तिचा हात थांबला. "तू भाईर फोनवर होती. बंद करा, आता चालू करा, असं काईबाई बोलून राहिली होती जोरानं. मी त्याइचे पाय दाबून राहिली होती. त्याइनं एक श्वास घेतला, मंग घेतलाच नाई. मी थांबली. म्हनलं घेतीन. नाई घेतला. मंग मले समजलं. घडीत साडेतीन वाजून राहिले होते."

"मंग हाक काहून नाई मारली?"

सुभद्रानं डागी फुलांची रास जरा दूर लोटली. मागं पियुषनं एक कॅरेट आपटलं. मग ती म्हणाली, "हाक मारली असती त तू आली असती, पियुष आला असता, सारी गल्ली आली असती. त्याइले खाली घेतलं असतं. एवढा संसार झाला, पन त्या मानसाच्या बाजूले मी दिवसा कधी बसली नाई वं. सदा फुलं, सदा निंदन, सदा पानी. म्हनलं कोनी नाई हाय त बसून घेते थोडं. बसली. हात गार पडू नाई म्हनून गरम पान्याची थैली ठुली हाताखाली. मंग तुहा फोन सरला अन् तू आली. तुले काय सांगू मले समजलं नाई. तू बोलून राहिली होती त्याइच्याशी. म्हनलं बोलू द्या." तिनं पदरानं नाक पुसलं. "अन् तू म्हनलं पावणेचार, महाराज म्हने पंचक नाई. मी म्हनलं बरं झालं, खरं बी तेच हाय."

म्हणजे टाकीपाशी बायकांना आई जे सांगत होती ते लेकीच्या भरवशावर नव्हतंच. हे रागिणीच्या लक्षात आलं आणि तिनं ते बाजूला सारलं, कारण त्याहून मोठं काही समोर उभं होतं. तिचा आवाज लहान मुलीसारखा निघाला. "पन आई, त्याइनं माहा हात दाबला."

सुभद्रानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या नजरेत दया होती, आणि ती लपवायचं तिला सुचलं नाही. "तू दाबला असशीन, बाई."

रागिणी बसून राहिली. ढिगावर माश्या घोंघावत होत्या, झेंडूचा उग्र वास नाकात बसत होता. तिच्या तळव्यात तो दाब आत्ताही होता आणि तो तिला खरा वाटत होता, आईच्या शब्दांपेक्षा खरा. दाब खरा मानायचा तर बाबा तिचं बोलणं ऐकून गेले होते, तिला कुणी काढलं नव्हतं हे समजून गेले होते. पण मग पंचकही खरं होतं, आत्या आणि काका तिच्या खात्यावर होते, आणि मागं गाडीत कॅरेट लावणारा पियुषही. शिवाय मग आई ज्याच्यापाशी शांतपणे बसली होती तो जिवंत माणूस होता. तिनं श्वास मोजण्यात चूक केली होती आणि नवऱ्याच्या तोंडात पाण्याचा थेंब न घालता ती नुसती बसून राहिली होती. आईनं आयुष्यात स्वतःसाठी काढलेला तेवढाच वेळ, तोही वाया. आणि आईचं खरं मानलं तर सगळे सुटत होते, आत्या-काका आपल्या मरणानं मेले होते, पियुषचा रस्ता मोकळा होता. फक्त तिनं जे कानाशी सांगितलं ते एका मेलेल्या माणसाला सांगितलं होतं. दोन्ही धरून ठेवता येत नव्हतं. तिनं फिरवून फिरवून पाहिलं, कुठून तरी दोन्ही बसवता येतील का, नाही बसत.

पियुष अंगणात आला, घामेजलेला, गाडीची किल्ली बोटावर फिरवत. "ताई, येतं का संग? पुढं जागा हाय." तो दोघींकडे बघत उभा राहिला. सुभद्रा उठली, गुडघ्यावर हात देऊन, आणि लेकीला म्हणाली, "हे पाय, तुले तुहाच टाईम खरा वाटत असीन त तसं सांग. मी भांडत नाई. याले आज जाऊ देत नाई, महाराजाले बोलावते, आता जे करता येते ते करू. मी बी म्हातारी हाय, माही बी चूक होऊ शकते. पन एक काईतरी धरावं लागीन. कोनता धरू, तुहा का माहा?"

"कायचा टाईम?" पियुषनं विचारलं.

त्याच्या शर्टाला केशरी डाग पडले होते. रागिणीनं त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे. आई वाट बघत होती.

"तुहा धर, आई," ती म्हणाली. "बाबा पह्यलेच गेले होते. माह्याच हातात काईतरी झालं असीन."

सुभद्रानं मान हलवली आणि पियुषला म्हणाली, "जाय तू. उशीर करू नको." गाडी सुरू झाली, मळ्याच्या वाटेवरून डाबकी रोडला लागली, आवाज कमी कमी होत गेला. रागिणीनं त्याला पोहोचल्यावर फोन कर म्हणून सांगितलं नाही. ती मधल्या खोलीत गेली, खाट होती तिथं आता फुलांची रिकामी पोती रचलेली होती, त्यांवर बसली, आणि बाबांसाठी रडली. याआधीही ती त्यांच्यासाठी रडली होती, पण ते वेगळं होतं. तेव्हा तिनं त्यांचा नीट निरोप घेतला होता. आता तिचं बाबांना सांगायचं राहून गेलं होतं.